खोक्यात घड्याळ नाही

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले साहेब. व्यासपीठावर, म्हणजे पॅकिंगची दोन टेबलं जोडून चादर टाकली आहे त्याच्यामागे, बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्या दुकानातून आपले नवीन कॉम्प्युटर आले. साहेबांच्या कन्या, म्हणजेच आपल्या डिझाइनच्या ताई. आजचे सत्कारमूर्ती, आपले लेबलकाका. समोर बसलेली कटिंग, पॅकिंग आणि हिशेबाची मंडळी. आणि खुर्ची मोकळी असताना दारात उभे राहून नाश्त्याच्या ट्रेवर नजर ठेवणारे माझे मित्रहो. सगळ्यांना नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. शाळेत एकदाच स्टेजवर चढलो होतो, तेसुद्धा मुख्याध्यापकांनी कान धरून चढवलं होतं. आज मात्र रिसेप्शनच्या मॅडमनी चढवलंय. परवा त्यांनी विचारलं, "काकांबद्दल दोन शब्द कोण बोलणार?" सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. काकांबद्दल कुणाला राग आहे असं नाही. बोलायला काय आहे तेच कुणाला आठवेना. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू बसतोस ना त्यांच्या शेजारी?" ताई लगेच म्हणाल्या, "मॅडम, याच्या हातात माईक देऊ नका." ताई, तुमचं बरोबर होतं. पण आता उशीर झालाय.

पाहुण्यांना माझी ओळख नसेल. मी इथला सिस्टमवाला. कॉम्प्युटर बंद पडला की मला हाक मारतात आणि कॉम्प्युटर मी बंद पाडला असं समजलं की पुन्हा मलाच हाक मारतात, दुसऱ्या आवाजात. मी काही शिकलेला इंजिनिअर नाही. जे येतं ते व्हिडिओ बघून आणि लोकांची मशीनं बिघडवून आलंय. मला इथे सगळे उपद्व्याप म्हणतात. हे नाव काकांनी ठेवलं. नवीन लागलो तेव्हा मी कुणाच्या माउसखाली चिकटपट्टी लावायचो, कुणाच्या स्क्रीनवर स्क्रीनचाच फोटो लावून ठेवायचो. बिचारे दाबत बसायचे. हिशेबाचे दादा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. दादा, हसताय? म्हणजे मिटलं.

का करायचो? साधी गोष्ट आहे. नवीन माणसाशी कुणी बोलत नाही. खोडी काढली की निदान शिव्या द्यायला तरी माणूस आपल्या टेबलापर्यंत चालत येतो.

तर याला कुठे बसवायचं यावर मीटिंग झाली. खरंच झाली. कुणी शेजारी घेईना. शेवटी साहेब म्हणाले, "लेबलकाकांच्या बाजूला बसवा, त्यांना काही फरक पडत नाही." असा मी त्या कोपऱ्यात आलो. एका बाजूला खिडकी, खिडकीबाहेर शेजारच्या गोडाऊनची भिंत, आणि मध्ये आम्ही दोघं.

पहिल्याच दिवशी मी काकांच्या माउसखाली चिकटपट्टी लावली. काकांनी माउस इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग उलटा केला, पट्टी काढली, शर्टाला पुसला आणि माउसलाच म्हणाले, "दिसेनासं झालं होतं का रे तुला?" आणि कामाला लागले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी एवढी मेहनत वाया. थोड्या वेळाने मान न वळवता म्हणाले, "उपद्व्याप, पट्टी चांगली आहे. कुठून आणलीस?"

आता काका काय काम करतात ते पाहुण्यांसाठी सांगतो. आपण बाटल्यांची लेबलं छापतो. औषधाच्या, फिनेलच्या, शाम्पूच्या. त्यावर मोठ्या अक्षरात नाव असतं, चित्र असतं, ते ताईंचं काम. आणि खाली जे मुंगीएवढं लिहिलेलं असतं ना, की डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुवा, लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, ते काकांचं काम. इतकी वर्षं या माणसाने लोकांना सांगितलंय की जपून राहा. कुणी वाचलं? हात वर करा. बघा. मीपण नाही.

हे काम ज्या प्रोग्रामवर होतं तो जुना आहे आणि तो फक्त विंडोजवर चालतो. लेबल छापायचं मशीनही त्याचंच ऐकतं. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग ताईंनी मॅक आणले, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे लॅपटॉप, ज्यांच्यात विंडोज नसतं.

ताई, तक्रार नाही. मॅक छान आहेत. पांढरे, गुळगुळीत, हात लावायला भीती वाटावी असे. सगळ्यांना एकेक मिळाला. काकांनाही मिळाला. काका दिवसभर त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "यात माझा प्रोग्राम कुठे आहे?"

मी ताईंकडे गेलो. म्हटलं, काकांच्या मॅकमध्ये थोडी जागा करून विंडोज टाकतो. ताई म्हणाल्या, "माझ्या मॅकमध्ये विंडोज? आतमध्ये? अजिबात नाही." म्हटलं, मग बाहेर ठेवू का? ताई म्हणाल्या, "बाहेर काय वाट्टेल ते ठेव."

म्हणून ते बाहेर ठेवलं. पाहुण्यांना तर हे माहितीच असणार, बाकीच्यांना सांगतो. एक्स्टर्नल ड्राइव्ह असतो, काडेपेटीपेक्षा जरा मोठा, वायर असलेला. एरवी आपण त्यात फोटो ठेवतो, सिनेमे ठेवतो. मी त्याच्यात अख्खं विंडोज बसवलं. ते सहज बसत नाही बरं का. विंडोज म्हणतं, मी असल्या डबीत राहणार नाही. त्याची समजूत काढावी लागते. बसलं, तर मॅक त्याला आत घेईना, बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू व्हायची परवानगी वेगळी द्यावी लागते. तीही दिली, तर कीबोर्ड चालेना, वायफाय चालेना, कारण मॅकचे हातपाय विंडोजला ओळखता येत नाहीत. मग बाहेरून तात्पुरता दुसरा कीबोर्ड लावा, दुसरा माउस लावा, एकमेकांची ओळख करून द्या. लग्न जमवणाऱ्या बाईसारखं वाटलं मला.

पण जमलं. मॅक चालू करायचा आणि ऑप्शन नावाचं बटण दाबून धरायचं. सोडायचं नाही. मग स्क्रीनवर दोन चित्रं येतात. एक आतल्या डिस्कचं, एक बाहेरच्या ड्राइव्हचं. बाहेरचं निवडायचं.

काकांची ती रोजची गंमत तुम्ही बघितली नाही, कारण आमच्या कोपऱ्यात कुणी येत नाही. काका यायचे, खिशातून चष्म्याची जुनी डबी काढायचे. चष्मा डोळ्यावर आणि डबीत ड्राइव्ह. वायर लावायचे, मॅक चालू करायचे आणि ते बटण असं धरून बसायचे, जसं कुणीतरी मागून येतंय म्हणून आपण दार धरून ठेवतो. मी सांगितलं होतं, काका, चित्रं आली की सोडा. तरी विंडोज पूर्ण उघडेपर्यंत सोडायचे नाहीत. म्हणायचे, "असू दे. मध्येच सोडलं तर वाईट वाटेल त्याला."

मॅकच्या कीबोर्डवर काही बटणं वेगळी असतात, म्हणून काकांनी स्वतःच त्यांची बारीक लेबलं छापून चिकटवली. अर्थात मी ती लेबलं अदलाबदल केली. अर्थात काकांना कळलंच नाही, कारण ते बघून टाइप करतच नाहीत. फसलो मीच, घाईत त्यांच्या मशीनवर काहीतरी करायला गेलो तेव्हा. काका म्हणाले, "कुणीतरी बटणं फिरवलीत बघ. जपून."

मॅडम, चिठ्ठी मिळाली. आवरतो. पण आता मुद्द्यावर आलोय, आता नका थांबवू.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सगळे खाली जाता. मी सुरुवातीला सर्व्हरच्या खोलीत जाऊन खायचो, तिथे एसी असतो आणि मशीनं गुणगुणत असतात, एकटं वाटत नाही. काका जागेवरच असायचे. एकदा चार्जर विसरला म्हणून मी परत आलो, तर काका डाव्या हाताने खातायत, उजवा हात माउसवर, आणि कुणाशी तरी बोलतायत. फोन नाही, काही नाही. "वहिनी, हे काही बरं नाही. मागच्या डावालाही तुम्ही हेच केलंत."

मी गुपचूप मागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवर पत्ते. तो जुना खेळ आठवतो का, विंडोजमध्ये असायचा? चार जणांचा. बदाम अंगावर घ्यायचे नाहीत, इस्पिकची राणी तर मुळीच नाही, आणि सुरुवातीला आपल्या हातातले तीन नकोसे पत्ते शेजाऱ्याच्या गळ्यात मारायचे. आपण एकटेच खेळतो, बाकी तिघं म्हणजे कॉम्प्युटरच. त्या तिघांना आपण हवी ती नावं देऊ शकतो. काकांच्या स्क्रीनवर डावीकडे लिहिलं होतं कटरदादा. समोर वहिनी. उजवीकडे डबा.

मला वाटलं, मिळाली. वर्षभर पुरेल अशी चेष्टा मिळाली. विचारलं, "काका, हे कोण तुमचे खेळगडी?"

काका दचकले नाहीत. म्हणाले, "बस. आवाज करू नको. डबा राणी दाबून बसलाय."

चेष्टा करायची राहून गेली, ती राहूनच गेली. मी माझा डबा तिथेच उघडला. त्यानंतर सर्व्हरच्या खोलीत जेवलो नाही.

मग एके दिवशी ते वायरचं झालं. फरशी पुसताना मावशींचा पाय अडकला आणि चालू असलेला ड्राइव्ह खाली पडला. मावशी, तुम्ही मागे बसलायत, तुमची काही चूक नाही. वायर मीच लोंबकळत ठेवली होती. पण विंडोज चालू असताना त्याच्या पायाखालची जमीन काढली, तर ते परत उभं राहीलच असं नाही. नाही राहिलं. काकांनी बटण धरलं. एकच चित्र आलं. परत धरलं. परत एकच. काका ते बटण धरूनच बसले. मी म्हटलं, "काका, सोडा आता." म्हणाले, "येईल. थांब जरा."

त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. सगळे गेले. मी नवा ड्राइव्ह घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू केलं. काका शेजारी खुर्ची ओढून बसले. मला म्हणाले, "तुला घरी जायचं नाही?" म्हटलं, "घरी कोण आहे? खोलीवर तीन जण आहेत, तिघांच्या कानात हेडफोन. तुम्हाला जायचं असेल तर जा." काका म्हणाले, "माझ्याकडे फ्रीज आहे. मध्येच चालू होतो, मध्येच बंद होतो. बंद झाला की घर एकदम मोठं वाटतं." आणि हसले. मीपण हसलो. तेव्हा विनोदच वाटला मला.

विंडोज बसलं. लेबलाचा प्रोग्राम बसला. छापायचं मशीन बोलायला लागलं. मी खूष. म्हटलं, "काका, सगळं आलं. बघून घ्या." काकांनी लेबलं उघडून बघितली, एक छापून बघितलं, उजेडाला धरलं. छान म्हणाले. लेबल माझ्या टेबलावर ठेवलं. मग विचारलं, "आणि ते तिघं?"

आता नव्या विंडोजमध्ये तो खेळच नसतो. मी कुठून कुठून तो जुना खेळ शोधला आणि बसवला. उघडला, तर तीन परकीच नावं. कधी न ऐकलेली माणसं पत्ते घेऊन बसलेली. काका त्यांच्याकडे बघत होते, चुकून भलत्याच घरात शिरल्यासारखे. मी म्हटलं, "नावं बदलता येतात, काका. हे बघा, इथे लिहा." माउस त्यांच्या हातात दिला. लेबलावर ओळीच्या ओळी झरझर टाइप करणारा हा माणूस, त्या तीन नावांना त्यांनी किती वेळ लावला. कटरदादा लिहिल्यावर थांबले. म्हणाले, "हा डावीकडेच बसायचा. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं त्याला."

तेव्हा मला कळलं की ही माणसं खरी आहेत.

इथे जी जुनी माणसं आहेत त्यांना माहिती असेल. हीच ती टेबलं, आत्ता ज्यांवर चादर आहे. यांच्यावरच जेवणाच्या सुट्टीत चौघं पत्ते खेळायचे. कागद कापायच्या मशीनवरचे कटरदादा, हिशेबातल्या वहिनी, पॅकिंगमधला एक जण ज्याला सगळे डबा म्हणायचे कारण तो स्वतःचा डबा कधी आणायचा नाही, आणि लेबलकाका. कटरदादा सुट्टीवर गेले आणि दवाखान्यातून परत आलेच नाहीत. वहिनी नोकरी सोडून दूर बहिणीकडे राहायला गेल्या. सुरुवातीला फोन यायचे, मग वाढदिवसालाच यायचे, मग तो नंबर लागेनासा झाला. डबा दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला, याच गावात. जाताना म्हणाला, "येतोच रे अधूनमधून." मी काकांना विचारलं, "मग आले का कधी?" काका म्हणाले, "रस्ता मोठा आहे मधला. ओलांडायला वेळ लागतो." आता हा विनोद होता की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

मी त्यांना एकदा म्हणालोसुद्धा, "काका, कशाला मशीनशी खेळता? माझ्याशी खेळा." काका म्हणाले, "आपण दोघं. हा खेळ चौघांचा आहे. आणि मी तुझ्याशी खेळलो तर ते तिघं बसून राहतील." असं म्हणाले, अगदी सरळ तोंडाने.

असो. आता नवीन मॅक आले. प्रमुख पाहुण्यांच्या कृपेने. जुने सगळे बदल्यात द्यायचे असं ठरलंय आणि उद्या सकाळी पाहुण्यांचा टेम्पो येणार आहे. लेबलाचं कामही नव्या प्रोग्रामवर गेलं, तो कशावरही चालतो. चांगलं झालं. फक्त एक आहे. या नवीन मॅकचं डोकं वेगळं आहे. आतली चिपच दुसरी. जुन्या मॅकला काकांचा ड्राइव्ह लावून बटण धरलं की दुसरं चित्र यायचं. नव्याला लावा, कितीही वेळ बटण धरा, येत नाही. माझी काय करामत असेल ती सगळी करून झाली. म्हणजे आपल्याकडे तो ड्राइव्ह ज्यावर उघडतो असं, मी बसवून दिलेलं, एकच मशीन आहे. काकांचं जुनं. आणि तेही उद्या टेम्पोत.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो होतो. साहेब, सांगू ना? सांगतो. म्हटलं, काकांना निरोपाला घड्याळ देण्याऐवजी त्यांचं जुनं मशीन द्या. साहेब म्हणाले, "सगळ्या मशीनांचा शब्द दिलाय. आणि आज एकाला मशीन दिलं तर उद्या दुसरा खुर्ची मागेल, तिसरा कपाट. घड्याळ आणलंय, चांगलं आहे." साहेबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. साहेबांना या तिघांची गोष्ट माहिती नव्हती. मी सांगितली नाही, कारण काकांना विचारलं नव्हतं. आत्ताही विचारलेलं नाही. काका, माफ करा. खाली बघू नका, फोटो काढतायत.

मी तिथेच सोडून देणार होतो. पण आज सकाळी काका आले, चष्म्याची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "हे तू ठेव." मी म्हटलं, "काका, तुमचा ड्राइव्ह आहे." म्हणाले, "माझ्या घरी कॉम्प्युटर कुठाय? तुझ्या नवीन मशीनला लाव. जेवायच्या सुट्टीत उघडत जा रे जरा." काकांना वाटलं, वायर आहे तर कुठेही लागेल. चिपचं वगैरे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि आज सकाळी, हातात डबी असताना, सांगायची हिंमत झाली नाही.

काका लेबलं छापायला गेले. कसली लेबलं? या खुर्च्यांची. आजच्या समारंभाची खुर्च्यांवरची नावं काकांनीच छापली. स्वतःच्या निरोपाची. मॅडमनी लिहून दिलं तसं सगळं छापलं. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती. आणि ही पुढच्या रांगेतली, ही बघा, या दोन खुर्च्यांवर चिकटवलंय, "कुटुंबीय". छापलं, कापलं, सरळ रेषेत चिकटवलं. दोन्ही खुर्च्या सकाळपासून रिकाम्या आहेत आणि आपण सगळे त्या सोडून मागे बसलोय.

तर काका तिकडे गेल्यावर मी त्यांच्या जुन्या मॅकला ड्राइव्ह लावला. बटण धरलं. विंडोज आलं. खेळ उघडला. डावीकडे कटरदादा, समोर वहिनी, उजवीकडे डबा. सगळे जागेवर. आणि खाली, जिथे आपण स्वतः बसतो, जिथे इतके दिवस "काका" लिहिलेलं असायचं, तिथे लिहिलं होतं "उपद्व्याप".

स्वतःची जागा मला देऊन उठले होते. ते तिघं बसून राहू नयेत म्हणून. स्वतः कुठे बसणार, त्याचा काही विचार नाही.

जरा पाणी मिळेल का?

हां. तर साहेब, आता तुमच्याशी दोन शब्द. तुमच्यासमोर टेबलावर तो रंगीत कागदात बांधलेला खोका आहे. त्याच्यात घड्याळ नाही.

शांत राहा, शांत राहा. काही चोरीला गेलेलं नाही. घड्याळ तुमच्या केबिनमध्ये आहे, समोरच्या भिंतीवर, सेल घालून लावलंय. छान दिसतं. खोक्यात काकांचा जुना मॅक आहे, चार्जर आहे आणि चष्म्याची डबी आहे. लॅपटॉप आणि घड्याळ इतके एका मापाचे असतील असं मलापण वाटलं नव्हतं. कागद तोच आहे, चिकटपट्टी माझी.

प्रमुख पाहुणे, उद्या तुमच्या टेम्पोत एक मशीन कमी भरेल. तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्याकडून चालेल असं मी धरतो. साहेब, राहिलात तुम्ही. तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता खोका उघडून मशीन काढतो, घड्याळ घालतो आणि पुन्हा बांधतो. दहा जणांसमोर मागितलं की नाही म्हणता येत नाही, तो हलकटपणा आहे, मला कळतं. पण केबिनमध्ये मागितलं तेव्हा मला नीट मागता आलं नव्हतं. काय मागायचंय तेच मला आज सकाळी कळलं. आणि खुर्ची किंवा कपाट मागायला उद्या कुणी आलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

साहेब उठतायत. बरं.

मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगतो. साहेबांनी खोका उचलला आणि काकांच्या मांडीवर ठेवला. टेबलावर नाही. मांडीवर. साहेब, मी तुमच्याबद्दल जेवढं वाईट बोललोय तेवढं मागे घेतो. सगळं नाही, तेवढं.

काका, आता तुम्हाला. तुम्ही दिलेल्या जागेवर मी बसलो नाही. ते नाव पुसलं आणि तिथे परत "काका" लिहिलं. चारही जागा भरल्या, आता आत मला जागा नाही. मी रविवारी येतो, तुमच्या मागे उभा राहतो आणि कुठला पत्ता टाकायचा ते चुकीचं सुचवतो. पत्त्यांच्या खेळात तसा एक जण लागतोच. मी म्हटलं येतो, म्हणजे डबा म्हणाला तसं नाही. दार उघडायला वेळ लागला तर बेल दाबून धरीन, तुम्ही बटण धरता तसं. सोडणार नाही. शेजारी बाहेर आले तर त्यांना सांगा, हा उपद्व्याप आमचाच आहे.

साहेबांनी आणि पाहुण्यांनी माझं ऐकून घेतलं, ताईंनी माईक ओढून घेतला नाही, मॅडमनी तीन चिठ्ठ्या पाठवूनही चौथी पाठवली नाही, आणि तुम्ही सगळे नाश्ता समोर असताना बसून राहिलात, याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, नको ते बोललो असेन, तर मी असाच आहे हे तुम्हाला माहिती आहे, पोटात घाला.

आता मी खाली येतो आणि या पुढच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसतो. मागे फॅनचं वारं लागत नाही.